मंगळावरचं जित्राब

मोमिनाबाद, श्रावण वद्य चतुर्थी, शके १८३१

अर्जुनरावांस सुंदररावाचा नमस्कार. इकडचं सगळं चाललं आहे. तिकडचंही चाललं असेल असं धरून मुद्द्यावर येतो.

मला एक जनावर बनवायचं आहे आणि तुम्ही सलोतरी, जनावरांचे वैद्य. इथं छावणी होती तोवर रिसाल्याच्या घोड्यांच्या तोंडात हात घातलात, आता वडवणीच्या बाजारात बैलांच्या घालता. जनावराच्या आत काय काय असावं लागतं हे आमच्या सोयऱ्यांत तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. मी पडलो अदालतीतला नक्कलनवीस. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला उतरवायच्या, आणि मधे स्वतःची अक्कल घुसली की वरून तंबी.

तर हे जनावर मंगळावरचं आहे. हसून घ्या, मग पुढं वाचा.

पुण्याच्या वर्तमानपत्रांत सध्या मंगळाशिवाय बोलणं नाही. यंदा तो फार जवळ येतो आहे. अमेरिकेत कुणी साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसला आहे, त्याला तिथं कालवे दिसतात. ध्रुवावरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी कालव्यांतून सगळीकडं फिरतं म्हणे. दुसरे साहेब म्हणतात, कालवे याच्या डोळ्यातच आहेत. आपल्या तालुक्यात कागदावर पाण्यानं भरलेले तलाव मी रोज उतरवतो, त्यामुळं लांबून दिसणाऱ्या पाण्यावर माझा भरवसा कमीच. पण पुण्याच्या एका मासिकाला मंगळावरच्या प्राण्यांची गोष्ट हवी आहे, आणि माझा त्या ग्रहाशी जुना वाद आहे. आमच्या लग्नात तुमच्या जोशांनी रतनच्या, म्हणजे तुमच्या बहिणीच्या, पत्रिकेतल्या मंगळावर बोट ठेवलं. तेव्हापासून दूध नासलं तरी मंगळ, छप्पर गळलं तरी मंगळ. तीनदा पाळणा बांधला आणि तीनदा सोडला, तेही त्याच्याच नावावर. म्हटलं, ज्याच्यासाठी इतके नारळ फोडले तिथं राहतं तरी कोण, एकदा बघावं.

मला भूत नको, गंधर्व नको. खरं वाटेल असं जित्राब हवं. हवा विरळ, पाणी नावाला, थंडी कडक, आणि वजन हलकं. आपल्याकडचा मण तिथं पंधरा शेर भरतो. एवढ्यात बसेल असं अंग सांगा.

रतन बरी आहे.

तुमचा,
सुंदरराव

*

वडवणी, श्रावण वद्य द्वादशी

दाजींना अर्जुनाचा रामराम.

तुमचं पत्र गीतानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा घाबरली, दाजींना काय झालं म्हणून. दुसऱ्यांदा हसली. मी दोन्ही वेळेला घाबरलो.

पण जनावराचं विचारलंत तर ऐका. बाजारात कुणी नवीन जनावर पुढं आणलं की मी तीन सवाल करतो. खातं काय? हागतं कुठं? मरतं कशानं? तिन्हींची उत्तरं एकमेकाला धरून आली तर ते जनावर. न्हाई तर देवळाच्या भिंतीवरचं चित्र. त्याला सहा हात काढा, कुणी अडवत न्हाई.

आता हवा विरळ म्हणता. मग छाती कणगीएवढी पाहिजे आणि नाकपुड्या अरबी घोड्याच्या दुप्पट. वजन हलकं, म्हणून पाय बगळ्याचे दिले तरी मोडायचे न्हाईत. थंडीला लव द्या, न्हाई तर कातड्याखाली चरबी द्या. पाण्यासाठी वशिंड देऊ नका. उंट वशिंडात पाणी ठेवतो म्हणतात ते खोटं हाय, आत चरबी असते, मी फाडून बघितलंय. उंट पाणी साठवत न्हाई, तो पाणी सोडत न्हाई. तुमच्या अदालतीत पगार वाटणारा कारकून असतो तसा.

दिवाळीला रतनला धाडा. मागच्या साली कावून आली न्हाई? आणि "रतन बरी आहे" म्हणजे काय? घोडं आजारी नसलं तरी आमी त्याच्याबद्दल चार ओळी लिहून धाडतो.

अर्जुन

*

मोमिनाबाद, भाद्रपद वद्य द्वितीया

अर्जुनराव,

छाती कणगीची केली. पाय बगळ्याचे केले. तुमचे सवाल भिंतीला खडूनं लिहून ठेवले; रतननं मधला पुसला.

खातं काय? ऊन. पाठीवर हिरवट कातडं आहे, ते एरंडाच्या पानासारखं पसरतं. सकाळी उन्हाकडं पाठ करायची आणि जेवायला बसायचं. पाणी वर्षातून एकदा कालव्याला येतं, तेव्हा ते तळपायांनी पितं आणि टरारून फुगतं. बाकीचं वर्ष वाळत वाळत जाऊन शेवटी काठावर सुकल्या कांद्यासारखं पडून राहतं. मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. हागण्यात पाणी घालवणं परवडत नाही, म्हणून पालीसारखी पांढरी खडी टाकतं. तिसऱ्या सवालाचा विचार चालू आहे.

पिलाचं प्रकरण मात्र पुन्हा पुन्हा लिहितो आणि फाडतो. अंडी घालून पाहिली, थंडीनं फुटली. कळ्या फुटल्यासारखी पिलं अंगावर उगवून पाहिली, ती वाऱ्यानं गळाली. काल एक तोड निघाली. बीज एकाचं. दुसरी ते धरते, पण थोडेच दिवस. मग तिसरं एक असतं, रुंद, सावकाश, जमिनीला पोट टेकून बसणारं. ते पिलू आपल्या पिशवीत घेतं आणि वाढ पुरी होईतो जागचं हलत नाही. दुसरीच्या जिवाला घोर नाही. ती कालव्याकाठी हिंडायला मोकळी. खरं सांगू का, दोघांच्या संसारात तिसरं असणं ही मला फार शहाणपणाची व्यवस्था वाटायला लागली आहे.

संपादकांना नमुना पाठवला होता. ते लिहितात, मंगळावरच्या स्त्रीला अंबाडा असावा आणि पुरुषाला निदान उपरणं. शिवाय तो प्राणी शाकाहारी आहे हे ठळक यावं. ऊन खातो म्हटलं, तर विचारतात, ऊन उपासाला चालतं का.

अदालतीत काम तुंबलं आहे. दिवाळीला रतनचं येणं होणार नाही.

सुंदरराव

*

वडवणी, आश्विन शुद्ध चतुर्थी

दाजी,

रामराम नंतर. आधी सांगा, ही कोण?

आमी खेड्यातली माणसं असलो तरी अडाणी न्हाई. तिसरं म्हणे! रुंद म्हणे, सावकाश म्हणे! कुणाची पोरगी हाय ही रुंद?

तुमचं पत्र आलं तेव्हा मी गीताला म्हणालो, दाजींचं डोकं मंगळावर असलं तरी मन साफ हाय. मग काल बाजारात पाशा फळवाला भेटला, तुमच्याकडून सीताफळं घेऊन आलेला. मी सहज विचारलं, आमचे दाजी कसे हायेत. तो म्हणाला, "आहेत की, पण त्यांच्या घरी एक बाई येती हल्ली. येती, दार लागतं, आणि राव अंगणात येरझाऱ्या घालतेत." वर म्हणाला, तुमी त्याच्याकडून चांगली चांगली सीताफळं निवडून घेता आणि भाव करत न्हाई. दाजी, तुमी! भाव न करता! आमच्या लग्नात तुमी मांडववाल्याला रडवलं होतं. माणूस भाव करायचं सोडतो तेव्हा बाईचंच कारण असतं.

मूल न्हाई म्हणून दुसरं लग्न करणारे तुमी पहिले न्हाई. करायचं तर तोंडावर सांगा. त्यासाठी मंगळावर कशाला जाता? आणि त्यात माझ्याच हातून तिची छाती मापून घेता!

दसरा झाला की गाडी जुंपतो. रतनला घेऊन जाईन. तुमी आणि ती रुंद, दोघं ऊन खात बसा.

अर्जुन

ताजा कलम: ऊन खाणाऱ्याला पाय कशाला? बाभळ कधी बाजाराला गेलेली बघितली का?

*

मोमिनाबाद, आश्विन शुद्ध नवमी

दादाला रतनचा नमस्कार.

दादा, गाडी आणू नका. आधी हे वाचा, मग बैल सोडा, मग बसा.

ती बाई म्हणजे आमिनाबी. सुईण हाय. रुंद हाय, ते खरं. दार लावती कारण पोट बघायचं असतंय. सीताफळं माझ्यासाठी येतेत, मला त्याच्याशिवाय काही गोड लागत न्हाई. आता कळलं का? पाचवा चाललाय.

यांनी मला घातलेली शपथ मोडून लिहितेय. कुणाला सांगायचं न्हाई म्हणाले. लोक दृष्टीला भिऊन लपवतेत. यांचा दृष्टीवर विश्वास न्हाई, हे गाडीला भितेत. तुमच्या.

मागच्या खेपेला सातव्यात तुमी मला न्यायला आला होता. रीतच हाय, तुमी यायलाच पाहिजे होतं. सिरसाळ्याच्या पुढं तो दगडाचा रस्ता. मी चादर तोंडात धरून बसले होते, तुमाला सांगितलं न्हाई. वडवणीला पोचल्यावर काय झालं ते तुमाला ठाऊकच हाय. यांनी तुमाला कधी एक शब्द विचारला का? न्हाई. पण तवापासून रस्त्यानं कुणाची गाडी गेली की हे दात आवळतेत. तुमाला कळवलं तर तुमी सातव्यात गाडी घेऊन दारात उभे राहाल, आणि दारातल्या मेव्हण्याला परत कसं लावायचं? म्हणून गप्प बसले, आणि मंगळ काढला.

दादा, यांनी ते जित्राब बनवायला घेतलं तर पहिलं काय केलं? वजन कमी केलं. मग सगळ्या मंगळावरचे दगड वेचून काढले आणि मऊ वाळू पसरली. मला वाचून दाखवलं तेव्हाच मला कळलं. ते तिसरं बसून पोट सांभाळतं ना, ते माझ्यासाठी हाय. म्हंजे मी हिंडावं म्हणून.

मी विचारलं, "तुमच्या बाईला डोहाळे कशाचे लागतात हो?" तर म्हणाले, त्याचा विचार केला न्हाई. मी म्हणाले, जिला काहीच खावंसं वाटत न्हाई ती मेल्यातच जमा. मग रागावून अंगणात गेले.

आता माझं ऐका. मला माहेरी यायचंय. गीतावहिनीच्या हातच्या ज्वारीच्या कण्या आणि ताक मला सपनात येतंय. पण गाडीत बसणार न्हाई. हे दोन्ही कसं जमवायचं ते तुमी दोघं शाणे मिळून ठरवा. भांडायचं असलं तर ठरवून झाल्यावर भांडा.

तुमची
रतन

*

वडवणी, आश्विन वद्य पंचमी

दाजी,

रतनचं पत्र आलं. तिला रागावू नका. रागावलात तर मी तुमाला रागावेन, आणि माझ्याकडं शिल्लक लई हाय.

गाडी माझी होती. बैल माझे होते. रस्ता मी बांधला न्हवता. तीन दिवस झाले, आज एवढंच लिहायला जमलं.

हे तुमी मला तोंडावर म्हणाला असता तर मी भांडलो असतो. वरीसभर तुमचं तोंड बघितलं नसतं. मग कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसलो असतो आणि मिटलं असतं. तुमी गप्प राहिलात, आणि मी दरवेळी तुमच्या घरी येऊन हसत हसत दोनदा वरण वाढून घेतलं. तसं करायला नको होतं, दाजी.

गीता दिवाळी झाली की तिकडं निघतेय. बाळंतपण होईतो राहील. भावजय नणंदेच्या सासरी जाऊन बाळंतपणाला बसली असं आमच्याकडं कुणी ऐकलेलं न्हाई. आत्या म्हणाली, लोक शेण घालतील. गीता म्हणाली, घालू द्या, तिकडं सारवायला लागंलच. रतनला माहेरी आणता येत न्हाई तर माहेरच धाडतोय. ज्वारी, जातं, ताकाची रवी, सगळं गाडीत भरलंय. गीताला त्या रस्त्यानं काही होत न्हाई. झालं तर गाडीला होईल.

आणि बाभळीचं उत्तर तुमी अजून दिलेलं न्हाई.

अर्जुन

*

मोमिनाबाद, पौष वद्य षष्ठी

अर्जुनराव,

बाभळीचं उत्तर असं, की पाणी आपल्या पायांनी येत नाही, म्हणून पाय लागतात. हे मला रतननं घागर उचलताना सांगितलं. घागर मी काढून घेतली, उत्तर ठेवून घेतलं.

गीताबाईंनी घर ताब्यात घेतलं आहे. मी ओसरीवर हद्दपार. कण्या होतात, ताक होतं, दोघी तासन्‌तास हसतात, आणि मी आत डोकावलो की गप्प होतात. माझ्याच घरात मी परग्रहावरचा. वडवणीचं नाव काढलं की मी पूर्वी विषय बदलत असे, ते तुम्हाला कळत नसेल असं मला वाटत होतं. आता त्याबद्दल लिहीत नाही. लिहायला बसलो की अक्षर नकलेसारखं नीट यायला लागतं, आणि नीट अक्षरात ते खोटं वाटतं.

गोष्ट मासिकानं परत केली. कारणं: राजा नाही, लढाई नाही, तिघांचा संसार कुटुंबांत वाचण्याजोगा नाही. आणि सर्वांत मोठा दोष म्हणे असा, की हा प्राणी संभवनीय वाटतो. त्यामुळं वाचकाची करमणूक होत नाही. तुमच्या तिसऱ्या सवालाची, मरतं कशानं त्याची, जागा मी शेवटपर्यंत कोरी ठेवली होती. ती कुणाच्या लक्षातही आली नाही. आता ते उत्तर मी लिहिणार नाही. तुम्ही म्हणाल मग ते भिंतीवरचं चित्र. असू द्या.

खरं काम निराळंच आहे. काल आमिनाबी आली. पोटावरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. तो दुसऱ्यांदा फिरवलेला हात मला आवडला नाही. बाहेर येऊन म्हणाली, "बच्चा आडा है, रावसाब. अभी वखत है, फिरता. तुम मत फिरो, चक्कर आती मेरे को."

मी अंगणात फिरतोच आहे. अदालतीत जातो, एका बापलेकांच्या दाव्याची नक्कल करताना लेकाचं नाव गाळतो, तंबी खातो, परत येतो. दार लागलेलं असतं. आत हसण्याचा आवाज आला की वाटतं बरं आहे. आवाज थांबला की पाय चालायला लागतात.

शिंगरू आडवं असलं तर तुम्ही काय करता? हात कुठवर घालता? अशा किती घोड्या वाचल्या? खरं सांगा. नाही, सांगू नका. या.

सुंदरराव

*

वडवणी, पौष वद्य एकादशी

दाजी,

निघालो. गाडी न्हाई, घोडं घेतलंय. या पत्राच्या आधी पोचलो तर ते न वाचता चुलीत घाला. नंतर पोचलो तर तोवर आमिनाबी म्हणती तसं करा आणि एका जागी बसा.

घोड्याची आणि माणसाची गोष्ट वेगळी असते. किती वेगळी, ते वाटेत आठवतो.

अर्जुन

*

मोमिनाबाद, फाल्गुन शुद्ध तृतीया

अर्जुनरावांस,

तुम्ही बाजाराचा दिवस गाठायला परत गेलात, आणि घर मोठं झाल्यासारखं वाटतं. तुमची दाढीची वाटी इथंच राहिली. गीताबाई म्हणतात, राहू द्या, दाढी वाढली की घराची आठवण येईल.

त्या दिवशी तुम्ही इथंच होता, तरी लिहितो. तुम्हाला आठवत नसणार, कारण मलाही तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मूल फिरलं होतं, तरी ते यायला तयार नव्हतं. तुम्ही अस्तन्या वर करून राखेनं कोपरापर्यंत हात घासत उभे होता, आणि आतून रतन ओरडली, "दादा, मी घोडी न्हाई! बाहेर बसा!" इतक्या मोठ्यानं, की मला वाटलं, एवढा आवाज आहे म्हणजे जीव आहे. मग तिचा आवाज येईना. तेव्हा तुम्ही मला एकदम विचारलंत, तुमच्या त्या जनावराला हाडं आहेत का नुसती कानासारखी मऊ कूर्चा. मी म्हणालो, कूर्चा. तुम्ही म्हणालात, मग ते उभं कसं राहतं? मी म्हणालो, पाण्यानं फुगून राहतं. तुम्ही म्हणालात, मूर्खासारखं बोलू नका. दोन्ही हातांनी कुडाचा खांब धरून, घामानं निथळत, भर दुपारी आपण मंगळावरच्या हाडांवरून असे भांडलो, की समोरच्या घरातली माणसं सोडवायला आली. शेवटी गीताबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं जित्राब गप करा. आमचं आलंय."

मुलगी झाली हे तुम्हाला माहीत आहे. रतनला ताप चढला तोही तुम्ही पाहिला. तुम्ही गेल्यानंतर तो उतरला, परवा पुन्हा थोडा चढला, काल उतरला. आज तिनं भाकरी मागितली, आणि मिळाली ती जाड आहे म्हणून गीताबाईंशी वाद घातला. आमिनाबी म्हणते, बाळंतीण भांडायला लागली की सुईणीनं आपलं सामान आवरावं. सामान आवरलं, पण ती गेली नाही. गेली असती तर मी दारात आडवा पडलो असतो.

सोयर फिटल्यावर मुलगी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. आधीच्या खेपांना गोष्ट इथवर आलीच नव्हती, त्यामुळं मला ठाऊक नव्हतं. अर्जुनराव, हे काय आहे? डोळे आहेत, पण ते दिसण्यासाठी नसावेत; एक इकडं जातो, एक तिकडं. दात नाहीत. मान नाही म्हटलं तरी चालेल. कातडीचे पापुद्रे निघतात, अंगावर लव होती ती झडते आहे. पहिले दिवस डांबरासारखं काळं हागली म्हणे, आणि सगळ्या बायकांना आनंद झाला. श्वास घेते, मग विसरते, मग घाईनं चार घेते. मुठीत माझं बोट आलं तर ते सोडत नाही, आणि त्या मुठीत जोर आहे. असलं काही मी कागदावर उतरवून पुण्याला पाठवलं असतं, तर हे जगणं अशक्य आहे असा शेरा मारून परत आलं असतं.

आणि एक. डोक्यावर मधोमध हाडच नाही. नुसती कातडी, आणि ती उडते. टाळू म्हणतात हे मला माहीत आहे; सगळ्यांचीच असते हेही या तिघी हसून हसून सांगतात. गीताबाई बिनधास्त तिथं तेल थापतात, मी तोंड फिरवतो. सकाळपासून तिच्याशेजारी बसून मी तेवढी जागा पाहतो आहे. अदालतीत गेलो नाही. जीव इतका उघड्यावर ठेवून कुणी जनावर बनवतं का?

शिंगराचं काय असतं ते सांगू नका. माणसाची टाळू कधी भरते, कुणाला तरी विचारा आणि उलट टपाली कळवा.

सुंदरराव